गटाराचा सांधा



व्याख्यानमालेत गटारावर बोलायचे म्हटले म्हणजे ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर आधी हसू येते आणि मग रुमाल नाकाकडे जातो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचे शाळेतील शिक्षण थोडके. पुढचे जे काही झाले ते कामगारांच्या सभांत, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि रस्त्यात खणलेल्या चरांच्या काठावर. चराच्या काठावर शिकलेला एक लहानसा धडा आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. रस्त्याखाली काँक्रीटची किंवा विटांची जी विहीर असते, जिला आपण चेंबर अथवा मॅनहोल म्हणतो, तिच्या भिंतीत सांडपाण्याचा पाइप शिरतो त्या जागेचा सांधा कसा असतो, तो का बिघडतो आणि बिघडला म्हणजे त्याची किंमत कोण देतो, एवढाच आजचा विषय आहे.

काही वर्षांपूर्वी एका नव्या वसाहतीतील एकच चेंबर एका पावसाळ्यात चार वेळा तुंबले. चारही वेळा ठेकेदाराने माणसे घमेले-फावडे देऊन आत उतरविली. ती माणसे आमच्या युनियनची सभासद. ती आमच्याकडे आली तेव्हा आम्ही नेहमीच्या रिवाजाप्रमाणे अर्ज लिहावयास घेतला : गमबूट द्या, साबण द्या, जादा भत्ता द्या. सभेला एक वयस्क गवंडी बसले होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. ते म्हणाले, “भाऊ, अर्ज मागनं लिहा. खालनं काय निघालं ते आधी विचारा की यांना.” विचारले तेव्हा कळले की चिंध्या आणि पिशव्या थोड्याच होत्या; घमेली भरभरून निघाला तो मुरूम आणि काळी माती. मिस्त्री म्हणाले, “गटारात मुरूम कोण टाकतंय? भिंतीतनं येतोय तो. सांधा गेलाय.”

त्या दिवशी आम्ही वही मिटली आणि सांधा म्हणजे काय ते समजून घ्यावयास लागलो.

चेंबरची भिंत जाड आणि सपाट, पाइप गोल आणि गुळगुळीत. पाइप आत घ्यावयाचा म्हणून भिंतीला त्याच्यापेक्षा मोठे भोक ठेवतात किंवा छिन्नी-हातोड्याने पाडतात, आणि उरलेल्या फटीत सिमेंट-वाळूचा माल भरतात. वरून थापी फिरविली की काम झाले असे दिसते. परंतु सिमेंटचा माल वाळताना आकसतो. आकसला की पाइपाभोवती केसाएवढी फट राहते, आणि पाण्याला केसाएवढी फट पुरते. पूर्वीचे पाइप चिनी मातीचे किंवा सिमेंटचे असत. त्यांना माल थोडाफार तरी धरून राही. हल्लीचा पीव्हीसी पाइप तर सिमेंटला चिकटतच नाही. काचेवर माती थापावी तसा प्रकार होतो. शिवाय उष्णतेने हा पाइप काँक्रीटच्या कितीतरी पट अधिक वाढतो आणि थंडीने तितकाच आखडतो. न्हाणीघरांचे कढत पाणी आणि रात्रीचे गार पाणी आळीपाळीने वाहू लागले की तो भिंतीतल्या भिंतीत हलत राहतो.

दुसरे कारण जमिनीत आहे. चेंबर जड असते आणि स्वतःच्या पायावर बसते. पाइप मात्र खणून पुन्हा भरलेल्या चरात निजलेला असतो. दोघे सारखे खचत नाहीत. त्यात आपल्या देशावरची काळी चिकण माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती पाइपाला दरसाल उचलते आणि खाली सोडते. अशा वेळी पाइप भिंतीत दगडासारखा घट्ट बसविलेला असेल तर तो भिंतीच्या तोंडाशीच मोडतो, जशी वाऱ्याने फांदी खोडापाशी मोडावी. म्हणजे सांधा ढिला असून चालत नाही आणि आडमुठा असूनही चालत नाही. तो पाण्याला बंद आणि हालचालीला मोकळा असावा लागतो. या कामातील सारी अडचण एवढ्या एका वाक्यात आहे.

आता सांधा गळाला म्हणजे काय होते ते पाहू. पावसाळ्यात जमिनीतील पाणी वर चढते. पाण्याच्या पातळीखाली ३ मीटर खोलीवर भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३ टन दाब असतो. त्या दाबाने पाणी फटीतून आत शिरते आणि येताना बारीक माती बरोबर आणते. ती चेंबरच्या तळाशी साचते आणि गटार तुंबते. पण जेथून माती गेली तेथे काय उरते? पोकळी. ती वर वर सरकत जाते. डांबरी रस्ता वरून धडधाकट दिसतो, आणि एके दिवशी एखादी भरलेली गाडी त्यात बसते. वर्तमानपत्रात येते की रस्ता खचला. रस्ता त्या दिवशी खचलेला नसतो. तो महिनोन् महिने सांध्यातून वाहून जात असतो.

उन्हाळ्यात हाच व्यवहार उलटा होतो. जमिनीतील पाणी खाली जाते आणि गटारातील घाण त्याच फटीतून बाहेर पडून मातीत मुरते. जवळून पिण्याच्या पाण्याची लाइन गेलेली असते. आपल्या बहुतेक गावांत नळाला पाणी ठराविक वेळीच येते. पाणी बंद झाले की लाइनमधील दाब जातो, आणि तिला कोठे भोक असेल तर बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेबरोबर ते आपल्या घागरीत येते. काविळीच्या आणि गॅस्ट्रोच्या साथींना हा रस्ता चांगला ठाऊक आहे.

हे केवळ तर्काने सांगत नाही. १८५४ सालच्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्याभोवती कॉलरा भडकला आणि सहाशेंच्या वर माणसे मेली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंचा माग काढून रस्त्यावरच्या पंपाकडे बोट दाखविले, आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. ही हकीकत पुष्कळांनी वाचली असेल. तिचा पुढचा भाग कमी लोक सांगतात. हेन्री व्हाइटहेड नावाच्या धर्मोपदेशकाने शोध घेता घेता असे आढळले की पंपाशेजारच्या ४० क्रमांकाच्या घरात एक तान्हे मूल आधी आजारी पडले होते, आणि त्याचे दुपटी धुतलेले पाणी घराच्या मैलकुंडीत ओतले जात होते. १८५५ साली ती कुंडी उकरून पाहिली. तिच्या आणि मोरीच्या विटांचे सांधे कुजून ढिले झालेले होते, आणि विहीर तेथून तीन फुटांच्याही आत होती. सहाशे माणसांच्या मृत्यूची वाट विटांच्या फुटलेल्या सांध्यांतून गेली होती.

मग चांगला सांधा करावा कसा? हे काही गूढ शास्त्र नव्हे. ज्याला थापी धरता येते त्याला ते करता येते.

कारखान्यात तयार होणाऱ्या काँक्रीटच्या चेंबरमध्ये भिंतीच्या भोकातच रबराचे जाड कडे ओतून बसविलेले मिळते. पाइपाला साबणाचे पाणी लावून तो त्यातून आत ढकलावयाचा. दुसरा प्रकार म्हणजे भिंतीत बसविलेली रबराची बाही. ती पाइपावर ओढून न गंजणाऱ्या पोलादी पट्टीने आवळतात. रबर दाबले जाते म्हणून पाणी अडते, आणि रबर वाकते म्हणून पाइप हलला तरी तुटत नाही. जुन्या भिंतीला भोक पाडणे असेल तर हातोड्याने भगदाड न पाडता मशीनने गोल कापून घ्यावे.

चेंबर जागेवरच बांधावयाचे असेल तर भिंतीतील भोक खरवडून, धुऊन, ओले करून घ्यावे. पीव्हीसी पाइपाचा जेवढा भाग भिंतीत राहणार तेवढ्याला पाइप जोडावयाचे सोल्युशन लावून त्यावर कोरडी जाडी वाळू भुरभुरावी आणि वाळू द्यावे. म्हणजे सिमेंटला धरावयास जागा मिळते. भिंतीच्या जाडीच्या मध्यावर पाइपाभोवती पाण्याने फुगणारी पट्टी गुंडाळावी. पाणी आले की ती फुगते आणि स्वतःच वाट बंद करते. मात्र चारी बाजूंनी काँक्रीटने आवळलेली असेल तरच, आणि आधी भिजू दिली नसेल तरच. राहिलेली फट साध्या मालाने न भरता न आकसणाऱ्या ग्राउटने दोन्ही बाजूंनी ठासून भरावी आणि निदान सात दिवस तिच्यावर पाणी मारावे. पाण्याच्या टाकीच्या भिंतीतून लोखंडी पाइप नेताना त्याला मध्ये एक चकती वेल्ड करतात, त्यामागचा हेतूही हाच : पाइपाच्या अंगाने सरळ येणाऱ्या पाण्याला वळसा घालावा लागावा.

भिंतीबाहेर अगदी जवळ रबरी कड्याचा एक लवचिक सांधा द्यावा, त्यापुढे साधारण ६० सेंटिमीटरचा आखूड तुकडा आणि पुन्हा तसाच सांधा. चेंबर खचले किंवा माती फुगली तर हा तुकडा बिजागरीसारखा कलतो आणि पाइप वाचतो. त्याच्याखालची माती भिंतीपर्यंत धुमसून घट्ट केलेली असावी.

शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. चर बुजविण्यापूर्वी पाइपांची तोंडे बंद करून चेंबर पाण्याने भरावे. काँक्रीट स्वतः थोडे पाणी पिते, म्हणून एक दिवस ते पिऊ द्यावे. मग पुन्हा भरून पातळीवर खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. बाहेरून सांध्याला बोट लावावे. बोट ओले झाले तर काम झालेले नाही.

ही परीक्षा टाळली म्हणजे पुढची दुरुस्ती आतून करावी लागते. वाहत्या पाण्यात साधा माल टिकत नाही. काही मिनिटांत घट्ट होणारे सिमेंट हाताने दाबून धरावे लागते, किंवा भोके पाडून आत फुगणारे रसायन सोडावे लागते. म्हणजे कोणीतरी खाली उतरले पाहिजे. आणि खाली गॅस असतो. मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड होतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. थोडा असता सडक्या अंड्याचा वास येतो. फार झाला की नाकच बधिर होते आणि माणसाला वाटते, गॅस गेला. पहिला कोसळतो, त्याला काढावयास दुसरा उतरतो, आणि तोही वर येत नाही. हाच गॅस भिंतीच्या ओलीवर जंतूंमुळे गंधकाम्ल बनतो आणि सिमेंट खातो. पार्कर नावाच्या शास्त्रज्ञाने मेलबर्न येथे १९४५ साली या जंतूंचा शोध लावला.

कायदा आहे. १९९३ साली एक झाला, २०१३ साली दुसरा झाला, आणि गटारात माणसाला साधनांवाचून धोक्याच्या सफाईसाठी उतरविणे हा गुन्हा ठरला. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा मृत्यूला १० लाख रुपये भरपाई ठरविली आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती ३० लाख केली. भरपाई योग्यच आहे. परंतु ती माणूस गेल्यावर मिळते. आणि कबूल केले पाहिजे की जे काम कायद्याने करवूनच घ्यावयाचे नाही, त्याचा भत्ता आम्ही त्या दिवशी अर्जात मागत होतो.

अर्ज बदलला. आम्ही लिहिले : माणूस उतरविणार नाही, सांधा बाहेरून उकरून नवा करा आणि आमच्यासमोर पाणी भरून दाखवा. उत्तर मिळाले की युनियनने पगाराचे बोलावे, गवंडीकामाचे बोलू नये. पुष्कळ हेलपाट्यांनंतर हिवाळ्यात ती जागा उकरली. फटीत विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या पिशवीचा कागद कोंबलेला होता आणि वर सुबक गिलावा होता.

ते पाहून आम्ही ठेकेदाराकडे रागाने पाहिले. मिस्त्री मात्र खाली पाहत होते. ते हळूच म्हणाले, “भाऊ, हा हात आपल्यातल्याच कुणाचा तरी आहे.” चौकशी केली; खरेच निघाले. काम उक्ते दिलेले, चेंबरमागे इतके रुपये. दिवसाला जितकी चेंबरे अधिक तितकी मजुरी अधिक. सात दिवस पाणी मारण्याचे पैसे कोणी देत नव्हते. सांधा कोंबणारा आमचाच सभासद आणि त्याच सांध्यापायी खाली उतरणाराही आमचाच सभासद. एकाच्या घाईची मजुरी दुसऱ्याच्या जिवातून वळती होत होती, आणि वीस वर्षे संघटना चालवून आम्हाला ते दिसले नव्हते. तेव्हापासून आमच्या मागणीपत्रात एक कलम असते : सांध्याचे काम उक्ते नको, रोजंदारीने द्यावे, आणि परीक्षेचा दिवस कामाचा दिवस धरावा.

तो सांधा नवा झाला. पुढच्या पावसाळ्यात त्या चेंबरपाशी कोणी बोलावणे धाडले नाही. त्याच रस्त्यावरची बाकीची चेंबरे मात्र अजून जुन्याच सांध्यांवर उभी आहेत.

श्रोतेहो, आपल्यापैकी फारच थोड्यांना कधी थापी हातात धरावी लागेल. परंतु आपल्या गल्लीत चर खणला जातो, आपल्या सोसायटीत नवे चेंबर बसते, त्याचे पैसे आपण देता. तो चर बुजण्यापूर्वी काठावर उभे राहून एक प्रश्न विचारावा : “पाणी भरून पाहिलेत का?” आणि पाहिले नसेल तर आणखी दोन दिवस चर उघडा राहू द्यावा. जाण्यायेण्याची थोडी गैरसोय होईल. ती सोसावी, एवढीच आमची विनंती आहे.