व्यायामाच्या व्हिडिओवर ‘बिगिनर’ लिहिलंय, पण तो तुमच्यासाठी आहे का?

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. जिमला जायचं जिवावर येतं, मग मोबाइलवर व्हिडिओ लावून घरीच व्यायाम सुरू होतो. थंबनेलवरच्या ‘बिगिनर’वर मात्र जाऊ नका, तो शब्द कुणीही लिहितं. आधी खुर्चीवरून हात न टेकता सलग १० वेळा उठून बघा. दम लागला, तर खुर्ची-भिंतीच्या आधाराने शिकवणारा व्हिडिओ घ्या. सहज जमलं, तर बैठका आणि गुडघे टेकून जोर. डंबेल नाहीत? पाण्याने भरलेली लिटरची बाटली साधारण १ किलोची होते. मध्ये विश्रांतीच न देणारे, उड्या मारायला लावणारे व्हिडिओ सुरुवातीला नकोच, या उकाड्यात तर अजिबात नको. जागतिक आरोग्य संघटना स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान २ दिवस करायला सांगते. बीपी किंवा गुडघेदुखी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.