देवाचं गाणं, नवी चाल

‘‘आई, हे भजनच आहे गं!’’

लेक असं म्हणाली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. तिच्या मोबाइलमधून नुसता ढणढणाट चालला होता. गिटार काय, ड्रम काय, आणि वरच्या पट्टीत किंचाळणारा तो गाणारा! याला भजन म्हणायचं? लाटणं हातातच राहिलं.

खरं सांगायचं तर त्याआधी पंधरा दिवस आमच्यात अबोला होता, आणि त्याला कारण मीच होते. अंजूरच्या आमच्या महिला भजनी मंडळात आता अकराच जणी उरल्यात. पंचेचाळिशीची मी त्यांत सगळ्यांत लहान. नव्या मुली येत नाहीत म्हणून आम्ही दर एकादशीला हळहळतो. आणि लेक गिटार घेऊन दोन मैत्रिणींसह आली, ‘एक अभंग यावर बसवू या का?’ म्हणाली, तेव्हा ‘देवापुढे असली थेरं नकोत’ असं चारचौघींत तिला मीच सुनावलं. ती निमूट उठून गेली. मैत्रिणीही गेल्या.

तर तो ढणढणाट होता ‘स्ट्रायपर’ या अमेरिकन बँडचा. मायकेल आणि रॉबर्ट स्वीट या भावांनी १९८३ च्या सुमारास कॅलिफोर्नियात तो उभा केला. काळे-पिवळे पट्ट्यांचे कपडे, लांब केस, कानठळ्या बसवणारं संगीत; पण गाणी येशूची. कार्यक्रमात हे लोक प्रेक्षकांत बायबलच्या प्रती फेकायचे. १९८६ च्या त्यांच्या अल्बमच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. पण जिमी स्वॅगर्टसारखे नामांकित धर्मोपदेशक त्यांच्यावर तुटून पडले. देवाचं नाव आणि हे असलं संगीत? इकडे रॉकवाले हसायचे, की रॉकमध्ये देव कशाला?

१९९२ मध्ये मायकेल बाहेर पडला आणि बँड विस्कटला. २००३ मध्ये सगळे पुन्हा एकत्र आले. २००९ मध्ये मायकेलची बायको कर्करोगानं गेली. तरी गाणं थांबलं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘व्हेन वुई वेअर किंग्ज’ हा नवा अल्बम आला. म्हणजे चाळीस वर्षं ही माणसं आपल्या देवाला आपल्याच वाद्यांवर आळवतायत!

माझ्या मनात आणखीही एक अढी होती. आमचं अंजूर म्हणजे गंगाजी नाईक अंजूरकरांचं गाव. पोर्तुगीजांच्या जाचातून हा मुलूख सुटावा म्हणून त्यांनी पेशव्यांकडे खटपट केली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. ही गोष्ट ऐकतच आम्ही मोठ्या झालो. त्यामुळे ख्रिस्ती गाणं म्हणजे परकं, साहेबाचं, असं कुठेतरी मनात बसलेलं. पण त्याच वसईच्या भागातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे मी वाचलं होतं. मग परकं कोण?

त्या रात्री बी. ए. ला असताना घेतलेलं ‘स्मृतिचित्रे’ कपाटातून काढलं. लक्ष्मीबाई टिळक आपल्या सगळ्यांच्याच जिव्हाळ्याच्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म घेतला, आणि सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. काही वर्षं नवराबायको वेगळे राहिले. धर्म बदलला, पण टिळकांची भाषा बदलली नाही. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. तोवर मिशनच्या चर्चमध्ये बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरं साहेबी चालींवर म्हटली जात. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी मराठी ख्रिस्ती पदं आणि कीर्तनं सुरू केली होती. टिळकांनी तर अभंग, पदं, भजनं यांची रासच घातली. टाळ-पेटीवर येशूचं भजन! मराठी ख्रिस्ती मंडळींत त्यांची पदं आजही म्हटली जातात. आज त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

आणि लक्ष्मीबाई? लग्न झालं तेव्हा त्यांना धड अक्षरओळखही नव्हती. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. ते पुढे नेलं या बाईनं. थोडेथोडके नाहीत, चौसष्ट अध्याय लिहिले, तेही आपल्या मराठमोळ्या ओवीत. त्या १९३६ मध्ये गेल्या. पुस्तक छापून आलं १९३८ मध्ये.

पुस्तक मिटलं आणि मला माझीच लाज वाटली. नवऱ्यानं धर्म बदलला, तेव्हा कोसळलेलं सगळं सावरून ही बाई नव्यानं जगायला शिकली. आणि मी? लेकीनं देव बदलला नव्हता, अभंग बदलला नव्हता. नुसतं वाद्य बदललं होतं, तर मी तिला घालवून दिलं. आपण ज्या पेटीवर भजन म्हणतो, ती तरी कुठे ज्ञानोबा-तुकोबांच्या काळात होती? तीही साहेबाकडूनच आली. तिला आपण सोवळी करून घेतलीच ना?

सकाळी चहा देताना लेकीला म्हटलं, ‘‘चुकलं माझं. पुढच्या एकादशीला घेऊन ये तुझी गिटार.’’

ती काही लगेच हो म्हणाली नाही. ‘‘सगळ्यांसमोर बोलली होतीस, आई.’’

म्हणून मग सगळ्यांसमोरच बोलले. मंडळात दोघींनी नाकं मुरडली. एक जण तर टाळ ठेवून उठलीच, अजून आलेली नाही. तिची समजूत काढायला मी जाणार आहे. पण आमच्यातल्या सर्वांत वयस्कर आजी लेकीकडे बघून म्हणाल्या, ‘‘आदी पेटीच्या सुराला मिलव गो पोरी, मंग वाजव.’’

लेक मान खाली घालून काळी चारला तारा लावत बसली. एकच अभंग झाला. मध्ये दोनदा ताल चुकला. पण त्या दिवशी आम्ही अकराच्या चौदा होतो.

मैत्रिणींनो, तुमच्याही मंडळात कुणी पोर असं काही नवं घेऊन आली, तर निदान एक अभंग होईस्तोवर तिला बसू द्या. माझ्यासारखं आधीच बोलून मोकळ्या होऊ नका.