ताट हक्काचे, पाटी मर्जीची

बालपण आणि शासन : लेखांक 5

गेल्या आठवड्यात आपण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे बोर्डी-कोसबाडचे काम पाहिले. पाड्यावरचे मूल बालवाडीत येत नाही म्हणून बालवाडीच त्याच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा मार्ग. तिथे आंघोळ, नखे कापणे, खाऊ, गाणी आणि मोजणी यांत भिंती नव्हत्या. हे सारे मिळूनच शिक्षण होत होते. त्या अंगणातली वाडी पुढे देशभर गेली. सरकारी योजना झाल्यावर तिच्यातले काय बळकट झाले आणि काय दुबळे राहिले, हा आजचा विषय.

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. सेवा सहा ठरल्या : पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शाळापूर्व शिक्षण आणि मातांसाठी आहार-आरोग्य शिक्षण. शून्य ते सहा वयाचे मूल, गर्भवती आणि स्तनदा माता यांना एकाच ठिकाणी सगळे मिळावे, ही कल्पना खरोखर मोठी होती आणि आजही आहे.

या सहांपैकी पोषणाला पुढे न्यायालयाचे आणि कायद्याचे बळ मिळाले. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये आदेश दिला की प्रत्येक वस्तीला अंगणवाडी हवी. डिसेंबर 2006 मध्ये त्याच न्यायालयाने 14 लाख केंद्रांची मुदत घालून दिली. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळणे हा हक्क ठरवला. एका मुलासाठी दिवसाला 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने, असे मोजमापही कायद्याच्या मूळ परिशिष्टात होते. आहार मिळाला नाही तर दाद मागता येते.

शिक्षणाची गोष्ट वेगळी झाली. 1993 मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क मान्य केला होता. त्यात खालची वयोमर्यादा नव्हती. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने हा मूलभूत हक्क सहा ते चौदा वयापुरता केला. सहाच्या आतली मुले अनुच्छेद 45 मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत, गेली. राज्याने त्यांच्या संगोपन आणि शिक्षणासाठी प्रयत्न करावा, इतकेच तिथे सांगितले आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 11 तीन वर्षांपुढील मुलांच्या शाळापूर्व शिक्षणाबद्दल बोलते, पण ती व्यवस्था उभी करणे सरकारच्या मर्जीवर सोडते. म्हणून चार वर्षांच्या मुलीला खिचडी मिळाली नाही तर ते कायद्याचे उल्लंघन ठरते. तिला वर्षभर एकही गाणे, एकही गोष्ट मिळाली नाही, तर ठरत नाही.

कायद्यातला हा फरक अंगणवाडीच्या खोलीत उतरतो. एक सेविका, एक मदतनीस, तीन ते सहा वयाची सारी मुले एकत्र. त्याच सेविकेने मुलांचे वजन-उंची घ्यायची, घरपोच आहाराची पाकिटे वाटायची, लसीकरणाच्या दिवशी बाया-बाळांना गोळा करायचे, गृहभेटी द्यायच्या आणि 2021 पासून पोषण ट्रॅकर अॅपमध्ये नोंदी भरायच्या. वरून विचारणा होते ती आहाराची आणि वजनाची. आज मुलांशी किती वेळ बोललात, हे विचारणारा रकाना नाही. उरलेल्या वेळात बडबडगीते, ठोकळे, चित्रे बसवायची. अनेक सेविका तेही मनापासून करतात. पण त्यांच्या मानधनातला केंद्राचा 4,500 रुपयांचा आधार 2018 मध्ये ठरला. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, तो त्यांचे काम कायद्याने नेमून दिलेले आहे म्हणूनच. काम कायद्याचे असेल तर त्याला नियमित वेतन का नको, या प्रश्नाला कोणतेही सरकार कायम टाळू शकणार नाही.

तिसरी बाजू सांभाळण्याची. अंगणवाडी काही तासांची असते, आईची मजुरी दिवसभराची. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला घरपोच आहार मिळतो, पण आई शेतात असताना त्याला ठेवायचे कुठे? 2005 च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहाच्या आतली पाच मुले असली तर एका बाईला त्यांच्यासाठी नेमून तिला मजुरी देण्याची तरतूद केली गेली. 2017 मध्ये पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. 2022 पासून ‘पालना’ योजनेखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडले जात आहे. पण या तरतुदी एकेका ठरलेल्या ठिकाणाला धरून आहेत. बीडची ऊसतोड जोडी दिवाळीनंतर कोल्हापूर-सांगलीकडे जाते, तेव्हा मुलाचे नाव गावच्या हजेरीपटावर राहते आणि मूल फडाच्या कडेला. त्याला सांभाळायला तिथेच थांबते सात-आठ वर्षांची बहीण. म्हणजे पाळणाघर नसल्याची किंमत एका मुलाची नसते, ती बहिणीच्या शाळेतूनही वसूल होते.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने हे चित्र बदलण्याची भाषा केली. मेंदूची 85 टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, हे मान्य करून तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि 2030 पर्यंत प्रत्येक मुलाला दर्जेदार बालशिक्षण देण्याचे ठरवले. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचे आणि इतरांना एक वर्षाचे प्रशिक्षण सुचवले. 2022 मध्ये पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा आला, 2023 मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ कार्यक्रम. आशय चांगला आहे : खेळातून, मातृभाषेतून, परीक्षेविना. मात्र धोरणाने जबाबदारी शिक्षण, महिला-बालविकास, आरोग्य आणि आदिवासी कार्य अशा चार मंत्रालयांत वाटली. आणि शिक्षण हक्क कायदा होता तिथेच राहिला. धोरण पुढच्या सरकारला बदलता येते. हक्क इतक्या सहज काढून घेता येत नाही.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. शिक्षण हक्क कायद्याची वयोमर्यादा तीन वर्षांपर्यंत खाली आणावी. प्रत्येक अंगणवाडीत केवळ बालशिक्षणासाठी दुसरी प्रशिक्षित सेविका नेमावी, नियमित वेतनावर. आणि अंगणवाडीची वेळ गावातल्या मजुरीच्या वेळेशी जुळवावी, ऊसतोडीच्या हंगामात फडाजवळच केंद्र चालवावे. खर्च वाढेल, हे उघड आहे. पण मुलामागे दिवसाला आठ रुपये हा पूरक आहाराचा दर आपण 2017 मध्ये ठरवला. तो पुरेसा आहे असे एकाही आईला पटवून देता येणार नाही.

वाचकांना एकच विनंती. या महिन्यात आपल्या गावातल्या किंवा वॉर्डातल्या अंगणवाडीत सकाळी जा. आहार मिळतो का हे विचाराच, पण मुलांना शिकवायला सेविकेला रोज किती वेळ उरतो, हेही विचारा. उत्तर ग्रामसभेत किंवा नगरसेवकापुढे मांडा. शिशुवर्गाच्या खासगी शाळा, त्यांची फी आणि त्यांच्यावरचे नियंत्रण यांविषयी पुढच्या लेखांकात.