स्पायडरमॅनची कार्डे : चित्राला गिऱ्हाईक, करामतीला भाव

२६ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने आपल्या 'मॅजिक : द गॅदरिंग' या कार्डांच्या खेळाचा एक नवा संच बाजारात आणला. त्यात नायक आहे मार्व्हल कंपनीचा स्पायडरमॅन. पोरांचा खेळ म्हणून व्यापारी बांधवांनी हा विषय बाजूला टाकू नये. कार्डाच्या या धंद्यात कागद तोच आणि शाईही तीच असते, तरी एक कार्ड रद्दीच्या भावाने जाते आणि दुसऱ्यासाठी गिऱ्हाईक दुकाने पालथी घालते. हा फरक कुठून येतो, ते या संचात फार स्पष्ट दिसले.

आधी खेळाविषयी थोडेसे. रिचर्ड गार्फील्ड या गणिताच्या माणसाने तो रचला आणि १९९३ साली तो विक्रीला आला. १९९९ मध्ये हॅस्ब्रो या बड्या खेळणी कंपनीने विझार्ड्सच विकत घेतली. प्रत्येक खेळाडू स्वतःची गड्डी बांधून आणतो आणि २० 'प्राण' घेऊन डावाला बसतो. जमिनीची कार्डे मांडून 'मॅना' मिळवायचा आणि तो खर्चून पात्रे मैदानात उतरवायची. मॅना म्हणजे या खेळातले भांडवल समजा. मेलेली पात्रे जातात त्या ढिगाला खेळात कब्रस्तान म्हणतात.

माल दोन वाटांनी विकला जातो. कंपनी बंद पाकिटे विकते. या संचाचे साधे पाकीट १४ कार्डांचे, किंमत सुमारे ७ डॉलर. संग्राहकांसाठीचे १५ कार्डांचे, सुमारे ३८ डॉलर. कंपनीच्या स्वतःच्या कथांवरच्या संचांचे साधे पाकीट साडेपाच डॉलरच्या आसपास असते, म्हणजे वरचे पैसे नावाचे आहेत. दुसरी वाट सुट्या कार्डांची. दुकानदार पाकिटे फोडतो आणि एकेक कार्ड भाव लावून काचेखाली ठेवतो. आत काय आहे हे न कळता केलेल्या सौद्याबद्दल आपल्या वाचकांच्या मनात 'गरर'चा प्रश्न येणारच. त्याचा निकाल देणे हे या पानाचे काम नाही. एवढे मात्र सांगता येते की सुट्या कार्डाच्या सौद्यात माल समोर असतो आणि भावही समोर असतो, आणि मुरलेले खेळाडू बहुतेक तिथेच खरेदी करतात.

आता कार्डांकडे वळू. स्पर्धा खेळणाऱ्यांमध्ये सर्वांत गाजले ते 'सुपीरियर स्पायडरमॅन'. २०१२ च्या कॉमिकमध्ये डॉक्टर ऑक्टोपस हा खलनायक स्वतःचे मन पीटर पार्करच्या देहात घालतो आणि स्पायडरमॅन म्हणून वावरू लागतो. कार्डावर हीच गोष्ट चालीच्या रूपात आली आहे. चार मॅना खर्चून हे पात्र उतरवायचे आणि कब्रस्तानातल्या कोणत्याही पात्राची नक्कल म्हणून त्याला उभे करायचे. नाव सुपीरियर स्पायडरमॅनच राहते, ताकद चार-चारच राहते, करामत मात्र त्या मेलेल्याची. खेळाडूंनी याचा हिशेब लगेच मांडला. आठ मॅना लागणारे अक्राळविक्राळ पात्र आधी मुद्दाम कब्रस्तानात टाकायचे आणि मग चार मॅनात त्याचे काम करून घ्यायचे. अर्ध्या भांडवलात पुरा माल! या एका कार्डाभोवती स्पर्धेच्या गड्ड्या बांधल्या गेल्या.

दुसरे कार्ड दिसायला अगदी गरीब. 'मल्टिव्हर्सल पॅसेज' नावाची ही एक जमीन आहे, तिच्यात पात्र म्हणून कोणी नायक नाही. खेळात मूळ जमिनी पाच प्रकारच्या. हे कार्ड मांडताना त्यांतला हवा तो प्रकार निवडता येतो. दोन प्राण मोजले तर ती लगेच वापरता येते, नाही मोजले तर त्या डावात आडवी पडून राहते. दोन-तीन रंगांची गड्डी खेळणाऱ्याला अशी जमीन लागतेच. स्पायडरमॅन ज्याने कधी पाहिलाही नाही असा माणूसही हे कार्ड शोधत येतो. सुताराच्या दुकानात नक्षीचा दरवाजा पाहायला गर्दी होते, पण बिजागरी रोज खपते, तसाच हा प्रकार.

'स्पेक्टॅक्युलर स्पायडरमॅन' हे दोन मॅनाचे पात्र प्रतिपक्षाच्या पाळीतही अचानक उतरवता येते. वेळ आली की एक मॅना भरून त्याचा बळी द्यायचा; मग त्या पाळीपुरते आपल्या बाकीच्या पात्रांवर प्रतिपक्षाला नेम धरता येत नाही आणि ती नष्टही होत नाहीत. स्वस्त आणि कामाचे. 'ग्वेनम' हल्ला करते तेव्हा गड्डीवरचे कार्ड मॅनाऐवजी प्राण मोजून खेळता येते. उधारीवर माल उचलण्यासारखेच हे, जपून केले तर फायदा. 'अँटी-व्हेनम'ला मारले तर त्याला इजा होत नाही, उलट जितका मार तितका तो फुगतो. मात्र तो उतरवायला पाचही मॅना पांढरेच लागतात, म्हणून सगळ्यांच्या कामाचा नाही.

संग्राहकांची नजर होती 'सोल स्टोन'वर. मार्व्हलच्या कथांतल्या सहा 'इन्फिनिटी' रत्नांपैकी या खेळात आलेले हे पहिले. २०१८ च्या सिनेमात हे रत्न मिळवायला आपल्या प्रिय माणसाचा बळी द्यावा लागतो. कार्डावरही सात मॅना भरून आपले एक पात्र खेळातून कायमचे काढावे लागते, तेव्हा रत्न जागे होते आणि प्रत्येक पाळीला कब्रस्तानातले एक पात्र परत आणते. गोष्ट आणि चाल यांचा असा सांधा जमवणे हे खरे कारागिराचे काम आहे. याच कार्डाची खास चमकदार आवृत्ती फार थोड्या महागड्या पाकिटांत घातली होती. साध्या सोल स्टोनची आणि तिची चाल शब्दशः एकच, भावात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. तो भाव दुर्मिळतेचा.

आपल्या वाचकांना जवळचे वाटेल असेही एक कार्ड या संचात आहे : 'स्पायडरमॅन इंडिया'. हा पवित्र प्रभाकर. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी २००४ मध्ये त्याला उभा केला. खेड्यातून मुंबईत आलेला गरीब मुलगा, अंगात स्पायडरमॅनचा पोशाख आणि कमरेला धोतर. तेव्हा त्याचे चारच अंक निघाले आणि तो विसरला गेला. २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या सिनेमाने त्याला पुन्हा वर काढले. क्रिकेटपटू शुभमन गिल याने हिंदी आणि पंजाबीत त्याला आवाज दिला. कार्डावर त्याच्या करामतीच्या नावात चक्क 'सेवा' हा आपला शब्द छापला आहे. तुम्ही नवे पात्र खेळलात की तुमच्या एका साथीदाराची ताकद कायमची वाढते आणि त्या पाळीपुरते त्याला उडता येते. स्वतःसाठी काही न मागता दुसऱ्याला बळ देणारा मुंबईकर! मोठ्या स्पर्धांत त्याने नाव काढले नाही, तरी या लेखकाच्या मते संचातल्या नेटक्या घडणावळीच्या कार्डांत त्याची गणना व्हावी.

नाव भाड्याने घेताना

दुसऱ्याचे नाव वापरण्याचा परवाना किती बारकाईने वाचावा लागतो याचा दाखलाही इथे मिळतो. कंपनीकडे स्पायडरमॅनच्या कागदी कार्डांचे हक्क होते, संगणकावरच्या खेळाचे नव्हते. म्हणून संगणकावर हाच संच 'थ्रू द ओमेनपाथ्स' या नावाने, वेगळी चित्रे आणि वेगळी नावे घेऊन आला. तिथे सुपीरियर स्पायडरमॅन झाला 'कवेरो'. चाल तीच, मेहनत दुप्पट. पण गंमत अशी की नाव काढून घेतल्यावरही कवेरो संगणकावर तितकाच खेळला गेला.

एकूण संचाचे स्वागत मात्र थंडच झाले. मुळात तो छोटा संच म्हणून आखला होता. २०२४ च्या 'असॅसिन्स क्रीड' संचातली ७ कार्डांची लहान पाकिटे गिऱ्हाइकाला रुचली नाहीत, तेव्हा हा वाढवून पूर्ण संच केला. वाढवलेला माल खेळाडूंच्या लक्षात आला. तोच नायक किती वेळा, अशी तक्रार झाली. त्याआधी जून २०२५ मध्ये आलेल्या 'फायनल फँटसी' संचाने एका दिवसात २० कोटी डॉलरची विक्री केली होती. २०२३ च्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' संचाला तेवढी मजल मारायला सहा महिने लागले होते. हे आकडे पाहून ज्यांनी स्पायडरमॅनची खोकी चढ्या भावाने आगाऊ उचलली, त्यांना काही आठवड्यांतच भाव उतरताना पाहावे लागले.

जुन्या दुकानदारांना हे नवे नाही. १९९५ मध्ये कंपनीने 'क्रॉनिकल्स' नावाने जुनी कार्डे भरमसाट छापली आणि साठवून ठेवणाऱ्यांच्या मालाचा भाव पडला. इतका ओरडा झाला की १९९६ मध्ये काही कार्डे पुन्हा कधीच छापणार नाही, अशी यादी कंपनीला जाहीर करावी लागली. स्पायडरमॅनचे एकही कार्ड त्या यादीत नाही, म्हणजे आज चढलेले कार्ड परवाना असेल तर उद्या पुन्हा छापले जाऊ शकते. सुटे कार्ड घेणाऱ्याने कोपरे आणि पाठ पाहावी. घासलेल्या कोपऱ्याला दुकानदार भाव कमी करतोच. खोकी उचलणाऱ्याने मात्र आधी खेळाडूंचे निकाल पाहावेत. मार्व्हलचा पुढचा मोठा संच, 'मार्व्हल सुपर हीरोज', कंपनीने जून २०२६ साठी जाहीर केला आणि त्याची आगाऊ मागणी नोंदवायचे दुकानदारांपुढचे कोडे पुन्हा सुरू झाले.