पिसदुऱ्याचं शेण आणि भाताचं कूळ

चंद्रपूर जिल्ह्यातलं वरोरा महाराष्ट्राला माहीत आहे ते आनंदवनामुळे. त्याच वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या रानातल्या तांबूस-हिरवट मातीत गोलसर, लांबोडके दगड सापडतात. काही बोराएवढे, काही मुठीएवढे. हे दगड म्हणजे डायनासोरांची विष्ठा. सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी पडलेली, गाळात पुरलेली आणि खनिजं मुरून दगड झालेली. भाताच्या कुळाचा जगातला अतिशय जुना पुरावा याच दगडांतून निघाला आहे. लोणारचं विवर आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. तेवढाच मान पिसदुऱ्यालाही मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

विदर्भातल्या जीवाश्मांच्या शोधाची सुरुवात केली ती स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने. तो १८४५ मध्ये नागपुरात आला. धर्मप्रचार करता करता त्याने नागपूरच्या आसपासचे दगड, शंख, बिया, हाडं गोळा केली आणि त्यांवर निबंध लिहिले. पिसदुऱ्याच्या हाडांची नोंदही त्याचीच. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना तो नदीत बुडून गेला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. पुढे चार्ल्स मॅटली या भूशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये पिसदुऱ्याच्या विष्ठा-जीवाश्मांवर स्वतंत्र लेख प्रसिद्ध केला. जवळच्या डोंगरगावच्या टेकडीत १९८०च्या दशकात एका प्रचंड शाकाहारी डायनासोरचा सांगाडा मिळाला. आज त्याचं नाव इसिसॉरस. त्यातलं ‘इसि’ आलं आहे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून.

तेव्हाचा विदर्भ डोळ्यांपुढे आणायचा तर आधी नकाशा पुसावा लागतो. हिमालय नव्हता. भारत मादागास्करपासून तुटून वेगळा झाला होता आणि भोवती समुद्र घेऊन उत्तरेकडे सरकत होता. भूखंडांच्या हिशेबात तो वेग फार मोठा, वर्षाला १५ सेंटिमीटरच्या आसपास. डोंगरगाव-पिसदुऱ्याच्या सखल भागात तळी होती, पुराचं पाणी पसरायचं आणि गाळ बसायचा. या गाळाच्या खडकांना भूशास्त्रात ‘लमेटा’ म्हणतात. हे नाव जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लमेटा घाटाचं. पाण्याकाठी टायटॅनोसॉर वर्गातले लांब मानेचे डायनासोर चरत असत. इसिसॉरस त्यांच्यातलाच.

त्यांचे दात खुंट्यांसारखे. पाला ओरबाडायला उत्तम, चावायला निरुपयोगी. अन्न तसंच गिळायचं आणि पोटात आंबवायचं, ही त्यांची रीत. त्यामुळे विष्ठेत वनस्पतींचे बारीक अवशेष टिकून राहिले. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, स्वीडनमधल्या कॅरोलिन स्ट्रोमबर्ग आणि ज्येष्ठ पुराजीवशास्त्रज्ञ अशोक साहनी यांच्या गटाने हे अवशेष सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सूचिपर्णी झाडं, पाम, इतर सपुष्प वनस्पती यांची खूण त्यांना मिळाली. ती अपेक्षितच होती. अपेक्षित नव्हतं ते गवत.

गवत ओळखलं ते फायटोलिथवरून. गवताची मुळं पाण्याबरोबर जमिनीतली विरघळलेली सिलिका शोषतात. पाणी पानांतून उडून जातं, सिलिका पेशींमध्ये साचते आणि तिचे काचेसारखे सूक्ष्म खडे बनतात. गवताच्या पात्याने बोट कापतं ते या सिलिकेमुळेच. भाताचं तूस जाळल्यावर उरणारी राख तर बहुतांश सिलिकाच असते. पान कुजतं, जळतं, पचून जातं. हे खडे मात्र कोट्यवधी वर्षं टिकतात. शिवाय त्यांचे आकार गवताच्या गटागणिक वेगळे असतात: कुठे डंबेलसारखे, कुठे खोगिराच्या आकाराचे. जाणकाराला त्यावरून गवताचा गट सांगता येतो.

२००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे संशोधन आलं. पिसदुऱ्याच्या विष्ठेत गवताचे किमान पाच प्रकार होते. तोवर गवताचे खात्रीचे जीवाश्म डायनासोर नष्ट झाल्यानंतरच्या काळातले मानले जात. डायनासोरांच्या चित्रात गवताळ कुरण दाखवलं की ती चित्रकाराची चूक धरली जाई. पिसदुऱ्यात कुरणं होती असं याने सिद्ध होत नाही. विष्ठेत गवताचा वाटा थोडाच आहे. समोर येईल तो पाला खाताना त्यातच गवतही पोटात जात असणार. पण गवत होतं, आणि त्याच्या शाखाही फुटलेल्या होत्या. आज एका मोठ्या शाखेवर भात, गहू आणि बांबू आहेत, दुसरीवर ज्वारी, बाजरी, नाचणी, मका आणि ऊस. या दोन शाखा तेव्हाच वेगळ्या झाल्या होत्या. २०११ मध्ये याच ठिकाणच्या आणखी नमुन्यांतून भाताच्या कुळातली गवतंही ओळखली गेली. हा काळ ६ कोटी ७० लाख ते ६ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा. भातशेतीचा इतिहास मोजायचा तो हजारांत. भाताच्या कुळाचा इतिहास मात्र कोटींत मोजावा लागतो.

याच सुमारास पश्चिमेकडे जमीन भेगाळून लाव्हा बाहेर पडू लागला. थरावर थर चढत सह्याद्रीच्या बाजूला त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या वर गेली. पूर्व विदर्भात ते विरळ होत संपतात. आज हा कातळ सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ शांतता असे, तळी साचत, बेडूक-शिंपले-झाडं पुन्हा येत. मुंबईत मलबार हिल आणि वरळीच्या अशाच गाळाच्या थरांत बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत. त्यातच ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोत चिक्शुलुबला लघुग्रह आदळला. पक्षी सोडले तर डायनासोर संपले. गवत तगलं. त्याचा वाढीचा कोंभ जमिनीलगत असतो; वरचं पातं गेलं तरी खालून नवं फुटतं. याच गुणाचा त्याला आधार मिळाला असावा, असं मला वाटतं.

पिसदुऱ्याचा मान आता सर्वांत जुन्या गवताचा राहिलेला नाही. २०१८ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतातल्या एका डायनासोरच्या दातांवर गवताचे अवशेष मिळाले आणि ते १० कोटी वर्षांहूनही जुने निघाले. त्याने पिसदुऱ्याचं मोल कमी होत नाही, उलट इथे दिसलेल्या शाखाविस्ताराला बळकटीच येते.

एक कोडं अजून उरलं आहे. घोड्याचे किंवा गाईचे उंच दात गवतातली ही काचेसारखी सिलिका चावून होणारी झीज सोसण्यासाठी घडले, असं मानलं जातं. तेलंगणातल्या नस्कल इथे, लाव्हाच्या थरांमधल्या गाळात गोंडवानाथेरिअन नावाच्या लहान सस्तन प्राण्यांचे दात सापडले आहेत, आणि तेही असेच उंच आहेत. डायनासोरांच्या काळात गवत होतं हे कळल्यापासून या दातांकडे नव्याने पाहिलं जात आहे. गवत चरणारा पहिला सस्तन प्राणी याच दख्खनच्या मातीत होता का, याचं उत्तर वरोऱ्याच्या रानात किंवा नस्कलच्या गाळात मिळू शकतं. त्यासाठी तिथले दगड जागेवर राहायला हवेत, खडी किंवा भरावात जायला नकोत; आणि वरोऱ्यात त्यांच्यासाठी निदान एक दालन तरी उभं राहायला हवं.