म्हातारचळ की आजार?



मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कामगारांचे कागद वाचता वाचता. तरीही आज एका आजारावर बोलावयास उभा आहे, कारण या आजाराला आपल्या शिरूर-दौंडकडे अजून कोणी आजार म्हणावयास तयार नाही.

दौंडचे एक निवृत्त पॉइंट्समन पहाटे ४ वाजता उठत, डबा मागत आणि पाळीला उशीर झाला म्हणून स्टेशनची वाट धरीत. निवृत्त होऊन त्यांना १५ वर्षे झाली होती. घरचे म्हणत, साठी बुद्धी नाठी. मीही तेच म्हणालो. एके दिवशी ते रुळांमधून चालताना सापडले, तेव्हा कोठे दवाखाना आठवला.

ज्यांचे डोके मुळात अधू, त्यांनाच हे होते असे समजू नका. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा देशव्यापी संप झाला, त्याचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस. १९६७ साली मुंबईत स. का. पाटलांना पाडणारा, अनेक भाषांतून सभा जिंकणारा हा माणूस. अखेरच्या वर्षांत त्यांना अल्झायमर झाला. त्यांचा सांभाळ कोणी करावा यावरून २०१० मध्ये घरातला वाद कोर्टात गेला, आणि २९ जानेवारी २०१९ रोजी ते वारले. त्या वादात कोण बरोबर, हे मला ठरवायचे नाही. मला एवढेच दिसते की वारस, मृत्युपत्र, आपल्याला कोण सांभाळील, हे सारे डोके शाबूत असतानाच लिहून ठेवावे.

स्मृतिभ्रंश हे एका रोगाचे नाव नव्हे. खोकल्यासारखे ते लक्षण आहे, कारणे निराळी. सर्वांत जास्त आढळतो तो अल्झायमर. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली तो प्रथम सांगितला. यात मेंदूच्या पेशींबाहेर एका प्रथिनाच्या गाठी साठतात, आत दुसऱ्याचा गुंता होतो, आणि पेशी हळूहळू मरतात. लग्नातली पंगत आठवते, सकाळचा चहा आठवत नाही. दुसरा प्रकार रक्तवाहिन्यांचा. लहान लहान झटके येऊन माणूस पायरीपायरीने उतरतो. रक्तदाब आणि साखर यांकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी हा ध्यानात ठेवावा. लेवी बॉडी नावाच्या प्रकारात नसलेली माणसे दिसतात व अंग ताठरते. आणखी एकात आठवण टिकते पण स्वभाव पालटतो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे भारतात साठीपुढील शंभरांत सुमारे ७, म्हणजे ८८ लाख माणसांना हा आजार आहे. म्हणजे ९० हून अधिकांना तो नाही. मग त्याला वयाचा धर्म कसे म्हणावे?

निदानाविषयी एक अनुभव सांगतो. रांजणगावच्या एका कारखान्यातला पन्नाशीचा कामगार नोंदी चुकवू लागला, वेळा विसरू लागला. हातात चार्जशीट पडले. हा पितो, असा माझाही समज झाला, आणि त्याची बाजू मी मनापासून मांडली नाही. याची मला आजही लाज वाटते. पुढे रक्त तपासले, तर थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व दोन्ही कमी. औषधे चालू झाली आणि काही महिन्यांत गडी कामावर परतला. म्हणून पहिली पायरी रक्ताची. मनाची खिन्नता, चालू असलेली औषधे, डोक्याला लागलेला मार यांनीही असेच दिसते. मग डॉक्टर घरच्यांना विचारतात, घड्याळ काढावयास लावतात, गरज पडल्यास मेंदूचा फोटो घेतात. मात्र न शिकलेल्या माणसाला वजाबाकी घालून नापास करू नये. त्याला बाजाराचा हिशेब विचारावा.

अल्झायमर बरा करणारे औषध अद्याप नाही. डोनेपेझिल, मेमँटिन यांनी काहींना थोडा आधार मिळतो. लेकॅनेमॅबसारखी नवी इंजेक्शने आरंभीच्या अवस्थेत उतार थोडा मंद करतात, पण महाग आहेत आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याची भीती असते. त्यापेक्षा अगोदरची काळजी आपल्या हाती. लॅन्सेटच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे जगातील ४५ टक्क्यांपर्यंत स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येण्याजोगा आहे. त्या कारणांत रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचा धूर यांबरोबर बहिरेपणही आहे. प्रेसच्या धडधडाटात उभ्या राहणाऱ्या माझ्या बांधवांनी कानातले बोळे खिशात ठेवू नयेत, एवढ्यासाठी मी ही गोष्ट प्रत्येक गेट-सभेत सांगतो.

उरते ती शुश्रूषा, आणि ती बहुधा सुनेच्या वा बायकोच्या अंगावर पडते. तिला आठवड्यातून एक दुपार तरी सुट्टी द्या. त्या पॉइंट्समनच्या सुनेने मात्र कोणत्याही पुस्तकावाचून एक उपाय काढला. आरंभी ती समजावी, भांडे, दार अडवी. तो अधिकच चिडे. मग तिने वाद सोडला. पहाटे ते उठून डबा मागू लागले की ती शांतपणे म्हणे, "मामा, आज तुमची रेस्ट आहे." ते "बरं" म्हणत आणि पुन्हा अंथरुणावर पडत.