बिदरच्या बाजूने कथा

प्रेरणा म्हणजे अवचित सुचणारे काहीतरी, अशी समजूत नवोदित कथालेखकांमध्ये रूढ असली, तरी बिदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांतील मराठी भाषकाला तिची वाट पाहण्याचे फारसे कारण नाही. कारण कीर्तनांतून आणि पारायणांतून त्याच्या कानांवर पडलेल्या कितीतरी कथांमध्ये त्याचाच परिसर आधीपासून उभा आहे. १३४७ मध्ये स्थापन झालेल्या बहमनी राज्याची राजधानी प्रथम गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथे होती आणि पंधराव्या शतकात ती बिदरला गेली. त्यामुळे मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे रयतेला खुली केली तेव्हा शिक्षेचा हुकूम बिदरहून सुटला, कान्होपात्रेला बोलावणे आले तेही बिदरच्या दरबारातूनच, आणि ‘गुरुचरित्रा’त मांडीवरच्या फोडाने हैराण झालेला राजा नृसिंहसरस्वतींना शोधत निघतो तोही बिदरचाच.

या सर्व कथांत बिदर हे हुकूम सुटण्याचे ठिकाण आहे, पात्रांनी राहण्याचे नाही. नव्या लेखकाला सुरुवात सापडते ती नेमकी येथे. कथा सांगणाऱ्याला निवेदक म्हणतात आणि तो ज्या जागेवरून घटना पाहतो त्या जागेला दृष्टिकोन. प्रसंग तोच ठेवून एवढी जागा बदलली, तरी कथा वेगळी होते. दामाजीपंतांच्या वतीने धान्याची किंमत भरायला विठ्ठल महाराच्या रूपात आला, अशी आख्यायिका आहे. पण ती रक्कम मोजून घेणाऱ्या, त्या माणसाला कदाचित उंबऱ्याबाहेरच उभे करणाऱ्या आणि तरीही मुकाट्याने रसीद लिहून देणाऱ्या कारकुनाविषयी आख्यायिकेला कुतूहल नाही, आणि कथालेखकाला मात्र तेच असायला हवे.

रचनेच्या दृष्टीनेही ‘गुरुचरित्र’ पुन्हा वाचण्यासारखे आहे. कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापूर ही ज्याची मुख्य भूमी, त्या ग्रंथात सिद्ध सांगतो आणि नामधारक विचारतो. या प्रश्नोत्तराच्या चौकटीत एका कथेतून दुसरी निघत जाते आणि श्रोत्याच्या शंकेमुळेच कथानक पुढे सरकते. शिवाय सरस्वती गंगाधराने मराठी ओव्यांच्या मध्ये कन्नड पदेही निःसंकोचपणे घातली आहेत. भालकीच्या बाजारातील संवाद शुद्ध पुस्तकी मराठीत लिहू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, कारण तेथे मराठी, कन्नड आणि दखनी या तिन्ही भाषा एकाच व्यवहारात येऊन जातात.

बोलीतून पूर्ण कादंबरी उभी राहते का, ही शंका जुनी असली तरी आज तिला फारसा आधार उरलेला नाही. लातूर जिल्ह्यातील काटगावचे रा. रं. बोराडे यांनी ‘पाचोळा’ (१९७१) ही कादंबरी गावातल्या शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्याच बोलीत सांगितली; तर कलबुर्गीच्या गीता नागभूषण यांनी तळच्या वर्गातील स्त्रियांचे जगणे तेथील कन्नड बोलीत मांडले आणि त्यांच्या ‘बदुकु’ या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सीमेवरच्या मराठी लेखकाने या दोघांना एकत्र वाचावे. पुण्या-मुंबईच्या नमुन्यांपेक्षा या वाचनाचा त्याला अधिक उपयोग होईल.

विषयाची वाण तर नाहीच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची विभागणी झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद म्हैसूर राज्यात. सोयरिकी मात्र होत्या तशाच राहिल्या. असा विषय हाती आला की नवोदिताला थेट कादंबरीचा मोह होतो, पण पहिल्या खर्ड्यासाठी त्यातील एकच प्रसंग निवडणे शहाणपणाचे ठरते: उदगीरची सून, भालकीचे माहेर, आणि दोन राज्यांच्या दप्तरांत अडकलेला वडिलांच्या जमिनीचा एखादा कागद.